फर्स्ट इयरची पोरं टिकवायची कशी? नागपुरातल्या नव्या मेंटॉर दादा-ताईंसाठी

कॉलेज सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की एखादे सर सेकंड किंवा थर्ड इयरच्या वर्गात येतात, सहा-सात नावं वाचतात आणि सांगतात, "तुम्ही यंदा मेंटॉर. फर्स्ट इयरच्या पोरांकडे लक्ष द्या." लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे सांगायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. काही कॉलेजांत एक छापील रजिस्टर मिळतं. कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम यायच्या आठवड्यात ते एका बैठकीत भरलं जातं, वर्षभराच्या तारखा टाकून, तीन रंगांच्या पेनांनी. रजिस्टर कसं भरायचं ते ऑफिसातले बाबू सांगतील. मी उरलेलं सांगते.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवते आणि मेंटॉर पोरांची शनिवारची बैठक माझ्याकडे असते. कॉलेज सोडलेलं पोरगं "मी सोडलं" असं सहसा म्हणत नाही. आधी एखादं प्रॅक्टिकल बुडतं. मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख निघून जाते. परीक्षेच्या फॉर्मला विलंब शुल्क लागतं, ते घरी मागायची लाज वाटते, आणि जानेवारीत कोणाच्या तरी लक्षात येतं की हा दिवाळीपासून दिसलाच नाही. तोवर त्याने बुटीबोरीला कुठेतरी काम धरलेलं असतं. यातली पहिली गोष्ट घडली त्याच आठवड्यात तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात, तर बाकीच्या बऱ्याचदा घडतच नाहीत. मेंटॉरचं काम एवढंच आहे. भाषण द्यायचं नाही, प्रेरणा तर मुळीच द्यायची नाही. ती द्यायला पाहुणे येतात.

आधी स्वतःकडे बघा

मेंटॉर व्हायला टॉपर असावं लागत नाही. उलट ज्याला पहिल्या सेमिस्टरला बॅक लागला, म्हणजे एखादा पेपर राहिला, आणि ज्याने तो नंतर काढला, त्याचं ऐकायला फर्स्ट इयरची पोरं जास्त तयार असतात. उमरेडहून दोन वर्षं एसटीने आलेल्या मुलीला सकाळची गाडी चुकली की काय होतं ते ठाऊक असतं; धरमपेठेतून स्कुटीवर येणारीला ते समजून घ्यावं लागतं. समजून घेता येतं, पण वेळ लागतो.

आठवड्याला दोन तास निघतील का, हे प्रामाणिकपणे बघा. तुमची स्वतःची एमपीएससीची तयारी किंवा पोलीस भरतीचं ग्राउंड सुरू असेल आणि अभ्यासिकेतून उठायला होत नसेल, तर सरांना आत्ताच नाही म्हणा. सप्टेंबरात गायब होणारा मेंटॉर नसलेल्या मेंटॉरपेक्षा वाईट, कारण त्याच्या गटाला दुसरं कोणी विचारत नाही.

कॉलेजला सांगितल्याशिवाय नंबर घेऊ नका

सीनियरने ज्युनियरचा मोबाइल नंबर मागणं आणि "संध्याकाळी भेट" म्हणणं, हे बाहेरून कसं दिसतं याचा विचार करा. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, रॅगिंगविरोधी नियम २००९ पासून लागू आहेत आणि महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. म्हणून मेंटॉरची यादी प्राचार्यांच्या सहीने सूचना फलकावर लागली पाहिजे. कोणत्या गटाला कोण, देखरेखीला कोणते सर किंवा मॅडम, सगळं त्यात हवं. त्याच कागदाच्या खाली रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर छापा, १८००-१८०-५५२२. मेंटॉरविरुद्धसुद्धा तक्रार करता येते, हे ज्युनियरांना पहिल्या भेटीत तुम्ही स्वतः सांगा. त्याने तुमचं वजन कमी होत नाही.

प्राचार्य विचारतील, हे कशाच्या आधारे? यूजीसीने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली आहे, तिचं नाव घ्या.

नंबर ज्याचा त्याच्याकडूनच घ्यायचा, ऑफिसच्या अ‍ॅडमिशन यादीतून उतरवायचा नाही. मुलींच्या गटाला शक्यतो ताईच असू दे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलात तर त्यात ते सर किंवा मॅडम हव्यातच, आणि रात्री नऊनंतर काही टाकू नका.

गट रस्त्याप्रमाणे पाडा

एका मेंटॉरमागे पाच, फार तर सहा. कॉलेज पंधरा म्हणेल, नको म्हणा. पंधरा जणांची नावं पाठ होतात, पण कोण आलं नाही हे ध्यानात राहत नाही.

रोल नंबरने गट पाडणं ऑफिसला सोपं जातं. मी रस्त्याने पाडते. काटोल-नरखेडच्या बाजूने येणारे एकत्र, सावनेर-कळमेश्वरचे एकत्र, मौदा-रामटेकचे, कुही-भिवापूरचे, आणि शहरात खोली करून राहणारे वेगळे. एका गाडीत बसणाऱ्या पोरांना कोण आज चढलं नाही ते आपोआप कळतं, त्यासाठी हजेरीपट लागत नाही. शिवाय गाडी बंद पडली, रस्ता पाण्याखाली गेला, की सगळ्यांची अडचण सारखीच असते आणि सरांशी एकत्र बोलता येतं. जातीच्या प्रवर्गाप्रमाणे गट कधीही पाडू नका, शिष्यवृत्तीच्या सोयीसाठी म्हणूनही नाही. पोरांना ते लगेच कळतं आणि मग कोणी तोंड उघडत नाही.

शहरातली पोरं सुरक्षित, असं मात्र समजू नका. नंदनवन, मानेवाडा, वाडीकडची कितीतरी पोरं सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्रीपर्यंत डिलिव्हरी करतात. त्यांचा वेगळा गट करायची गरज नाही, पण त्यांची कामाची वेळ माहीत हवी.

पहिली भेट

कॅन्टीनमध्ये नको. तिथे कोणीतरी सगळ्यांचे पैसे देतो आणि ज्याच्या खिशात वीस रुपये आहेत तो पुढच्या भेटीला येत नाही. रिकामा वर्ग, लायब्ररीबाहेरचा कट्टा, पार्किंगजवळचं झाड, काहीही चालेल. अर्धा तास पुरतो.

ओळख करून देताना स्वतःपासून सुरुवात करा, आणि नुसतं नाव-गाव नको. "मले पहिल्या सेमला दोन बॅक होते, फॉर्म कुठं भरायचा तेच माहीत नव्हतं," असं एखादं खरं वाक्य. मग हळूहळू हे काढून घ्या: कॉलेजात कसा येतो आणि किती वाजता घरून निघतो, शहरात राहत असेल तर जेवतो कुठे, मेस लावली की खोलीवर हाताने करतो, कुठे काम करतो का, शेतीचं काम कधी अंगावर येतं, शिष्यवृत्तीचा फॉर्म कुठवर आला. बारावीचे टक्के, वडील काय करतात, जात कोणती, हे विचारू नका. पुढे लागेल तेव्हा तोच सांगेल.

एक प्रश्न विसरू नका: "तू आला नाही तर मी कोणाले विचारू?" मित्राचा, भावाचा किंवा शेजाऱ्याचा एक नंबर त्याच्या संमतीने लिहून ठेवा. बॅलन्स संपून फोन बंद पडणं ही रोजची गोष्ट आहे.

याच भेटीत सगळ्यांचा एसटीचा पास निघाला का ते बघा. विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६६ टक्के सवलत आहे, पण त्याला बोनाफाइड, म्हणजे कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, लागतं, आणि बोनाफाइडसाठी खिडकीवर दोनदा जावं लागतं म्हणून पोरं महिनाभर पूर्ण तिकीट काढत राहतात. हा खर्च किरकोळ समजू नका. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एक योजना सुरू केली: नेमून दिलेला सल्लागार, पुस्तकांना मदत, आणि मेट्रो-बसचा फुकट पास. तीन वर्षांत पदविका पुरी करणारे योजनेबाहेरच्या गटात २२ टक्के होते, योजनेतल्या गटात ४० टक्के. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण पाचही पोरांना घेऊन एकदम खिडकीवर जाता येतं. पाच जण सोबत असले की बाबूही "उद्या या" जरा कमी म्हणतात.

घसरणीचे आठवडे

वर्षभर सारखंच लक्ष ठेवायला गेलात तर थकाल. काही आठवडे धोक्याचे असतात, तेवढे कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

पहिला धोका उशिरा अ‍ॅडमिशन घेणाऱ्यांना. इंजिनीअरिंगच्या, नर्सिंगच्या फेऱ्या संपल्या की उरलेली पोरं ऑगस्टात वर्गात येतात. तोवर बेंच ठरलेले असतात, प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या असतात, पहिलं युनिट संपलेलं असतं. त्यांच्यासाठी कोणी स्वागत समारंभ करत नाही. अशा एकेकाला तुम्ही स्वतः नेऊन बॅचमध्ये बसवा आणि मागच्या नोट्स कोणाकडून घ्यायच्या ते नाव घेऊन सांगा.

पोळा आणि तान्हा पोळ्याला पोरं गावी जातात आणि परत येतात, त्याची काळजी नको. खरा धोका दिवाळी. सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीन काढणीला येतं, ते संपेस्तोवर कापूस वेचणीला येतो, काटोल-नरखेडकडे संत्र्याची तोड असते, मौदा-रामटेककडे धान कापणी. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर परवडत नाहीत. याच महिन्यांत हिवाळी परीक्षेचे फॉर्म, इंटर्नल आणि प्रॅक्टिकल असतं. पोरगं दिवाळीला म्हणून जातं आणि शेतात अडकतं. जे पंधरा दिवस उशिरा येतात ते टिकतात. महिना गेला की त्यांना वर्गात तोंड दाखवायला संकोच वाटतो. म्हणून सुट्टी लागायच्या आधीच गटाला बसवा, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये फॉर्मची शेवटची तारीख आणि प्रॅक्टिकलची तारीख टाकून घ्या. कोण कधी परतणार ते विचारून वहीत लिहा.

त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारी. हिवाळी परीक्षेचा निकाल, आणि त्याच वेळी लग्नसराई. केटरिंगला गेलं की एका रात्रीचे रोख पैसे हातात पडतात आणि सकाळच्या आठच्या लेक्चरला डोळे उघडत नाहीत. निकालात दोन बॅक दिसले आणि खिशात रोख पैसे असले की मन कुठे वळतं ते सांगायला नको. काम सोडायला सांगू नका, ऐकणार नाही आणि ऐकूही नये, त्याला पैशांची गरज आहे. कोणत्या दिवशी लेक्चर बुडालं तर हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाते, हे त्याच्यासोबत बसून मोजा. आकडा समोर असला की पोरं स्वतःच सुट्ट्या ठरवतात. कॉलेजात 'कमवा व शिका' योजना असेल तर तिची चौकशी विद्यार्थी विकास विभागात करा. पैसे थोडे, पण काम कॉलेजातच असतं.

उन्हाळी परीक्षेबद्दल एकच. एप्रिल-मेच्या नागपुरी उन्हात पेपरच्या दिवशी गावाहून दुपारच्या गाडीने यायचं म्हणजे परीक्षेआधीच परीक्षा. ज्यांचं गाव लांब आहे त्यांची पेपराच्या आदल्या रात्री शहरात कोणाकडे सोय होते का, ते मार्चमध्येच बघा.

फोन कसा करायचा

माझा नियम असा: दोन दिवस दिसला नाही तर मेसेज, चौथ्या दिवशी फोन, आठवडा झाला तर सरांना सांगायचं. मेसेजमध्ये "काहून आला नाही?" असं विचारू नका. तो हजेरी घेतल्यासारखा वाटतो आणि उत्तर "तब्येत बरी नाही" असंच येतं.

एका मेंटॉरने दिवाळीनंतर केलेला फोन मी शेजारी बसून ऐकला होता. पोरगा गावी होता, आवाजामागे बैलाच्या घंट्या.

"काय करून राहिला?"

"काही नाही दादा, कापूस."

"घरी सगळे बरे?"

"आईचा हात दुखून राहिला. बाया भेटून नाही राहिल्या वेचाले."

"अजून किती दिवस?"

"माहीत नाही न."

"बरं. पुढच्या मंगळवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे. तेवढा एक दिवस येशील? सकाळच्या गाडीनं ये, संध्याकाळच्यानं जा. जर्नल माझं देतो, उतरवून घे."

थोडा वेळ काहीच नाही. मग, "बाबाले विचारतो."

"विचार. मी सात वाजता लावतो परत."

आणि सात वाजता त्याने परत लावला. पोरगा मंगळवारी आला, बुधवारी नाही आला, पण परीक्षेला बसला. या फोनमध्ये "शिक्षण किती महत्त्वाचं आहे" हे कुठेच नाही. त्याच्या आईचा हात दुखतो हे आधी ऐकून घेतलं, आणि एका दिवसाची, एका तारखेची गोष्ट मागितली. पूर्ण कॉलेज मागितलं असतं तर "पाहतो" म्हणून फोन ठेवला असता.

आई-वडिलांशी बोलायची वेळ आली तर आधी त्या पोराला विचारा. बोलताना काका-काकू म्हणा, कॉलेजचं नाव सांगा, आणि तक्रारीचा सूर नको. "काका, पोरगा चांगला आहे, फक्त एवढा फॉर्म राहिला" एवढं पुरतं. मुलीचं लग्न ठरत असल्याचं कळलं तर दादाने मध्ये पडू नये; ताईने मुलीला काय हवं ते ऐकावं आणि मॅडमला सांगावं. मुलगी अठराच्या आतली असेल तर तो कायद्याचा प्रश्न आहे, त्यासाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे.

महाडीबीटी आणि बाकीचे कागद

इथे मेंटॉरचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण ही वाट तुम्ही गेल्या वर्षी चालून आलेले असता.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म भरला म्हणजे काम झालं, असं फर्स्ट इयरला वाटतं. भरलेला फॉर्म आधी कॉलेजच्या टेबलावर तपासला जातो, मग समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा संबंधित विभागाकडे. त्रुटी असली की तो 'सेंड बॅक' होऊन परत येतो, आणि हे सांगायला घरी कोणी येत नाही. लॉगिन करून बघावं लागतं. एका मुलीचा फॉर्म असाच परत येऊन पडला होता. ती लॉगिन करू शकत नव्हती, कारण फॉर्म तालुक्याच्या नेट कॅफेत भरला होता आणि ओटीपी जायचा कॅफेवाल्याच्या मोबाइलवर. पासवर्डही त्याच्याच वहीत. तिची मेंटॉर ताई तिच्यासोबत एसटीने गेली, पासवर्ड घेतला, नंबर बदलून घेतला, अंधुक आलेला उत्पन्नाचा दाखला पुन्हा स्कॅन करून चढवला. एक दुपार गेली. म्हणून गटातल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात विचारा: ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

दुसरी जागा बँक. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. बऱ्याच पोरांचं एक जनधन खातं गावाच्या बँकेत असतं आणि एक नवं शहरात. पैसे येतात ते आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात, आणि पोरगं वाट बघत बसतं दुसऱ्याच पासबुकाकडे. आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते आधारच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत दिसतं.

कागदांपैकी उत्पन्नाचा दाखला तहसीलचा हवा आणि तो कधीपर्यंत चालतो ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं, वाचा. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला नॉन-क्रीमी लेयर लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. दाखले सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून निघतात. जुलै-ऑगस्टात तिथे गर्दी उसळते, म्हणून सेकंड इयरच्या पोरांनी स्वतःचे मे महिन्यातच काढून ठेवावेत. हो, तुम्हीसुद्धा. ज्युनियरांचे फॉर्म भरता भरता स्वतःचं रिन्युअल विसरलेले मेंटॉर दरवर्षी असतात.

राहायचा खर्च हे सोडून जाण्याचं मोठं कारण. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जेवण, खोली आणि निर्वाहासाठी मदत मिळते; नागपूर शहरासाठी ती वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या प्रवर्गातल्या पोराला "तुझ्यासाठी काही नाही" असं सांगू नका: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं तर तिची अट बघता येते. व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या मुलींना २०२४-२५ पासून शुल्कात पूर्ण सवलत मिळू शकते, त्यालाही आठ लाखांची मर्यादा आहे. तारखा आणि अटी दरवर्षी हलतात. चालू वर्षाची सूचना पोर्टलवर बघूनच सांगा, मागच्या वर्षीचं पाठ करून नको.

स्वतः एजंट मात्र होऊ नका. फॉर्म भरून द्यायचे पैसे घ्यायचे नाहीत, कोणाचा पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा नाही, ओटीपी फोनवरून मागायचा नाही. त्याच्या शेजारी बसायचं, बोटं त्याचीच चालू द्यायची.

पेपर राहिला तर

"बॅक लागला" म्हणजे वर्ष गेलं असं कितीतरी पोरं धरून चालतात, कारण घरात आधी कोणी कॉलेजात गेलेलंच नसतं. निकाल लागल्याच्या दिवशीच गटाला भेटा. एटीकेटी, म्हणजे पेपर राहूनही पुढे जायची मुभा, किती पेपरांपर्यंत चालते, पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म कधीपर्यंत, बॅकचा पेपर कधी, हे त्या अभ्यासक्रमाच्या डायरेक्शनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या नियमपत्रकात, असतं. नागपूर विद्यापीठाच्या वेबसाइटवर ते शोधा किंवा सरांना मागा. "माझ्या वेळी असं होतं" यावर चालू नका, अभ्यासक्रम बदलला की नियमही बदलतात.

अभ्यासात मदत करायची तर एक जुनी युक्ती आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात १९७३ मध्ये डिॲना मार्टिन यांनी असं केलं की कच्च्या विद्यार्थ्यांची यादी काढलीच नाही. ज्या पेपरात सगळ्यात जास्त विद्यार्थी नापास होतात तो पेपर निवडला आणि त्याच्यासाठी एका सीनियरला घेऊन दर आठवड्याला खुला तास ठेवला. कोणीही यावं. त्यामुळे तिथे बसलेला 'ढ' ठरत नाही. ही पद्धत पुढे जगभर गेली, आणि आपल्याकडे ती बिनखर्चात जमते. तुमच्या कॉलेजात कोणता पेपर पोरं पाडतो ते सगळ्यांना माहीत असतं: कुठे अकाउंट्स, कुठे फिजिकल केमिस्ट्री, कुठे कंपल्सरी इंग्लिश.

तासात शिकवू नका. फळ्यावर गणित सोडवून दाखवलं की सगळ्या माना डोलतात आणि परीक्षेत हात थांबतो. एक जुना पेपर घ्या, दोघा-दोघांना बसवा, त्यांनाच लिहायला लावा. बी.एस्सी.च्या पोरांचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं, समजतं मराठीत आणि लिहायचं इंग्रजीत. त्यांना मराठीत बोलू द्या, पण उत्तराच्या चार ओळी तिथेच बसून इंग्रजीत लिहवून घ्या. चुका नंतर बघू.

कुठे थांबायचं

पैसे उसने देऊ नका. निकड खरी असेल तर सरांकडे न्या. बऱ्याच कॉलेजांत शिक्षक गुपचूप विलंब शुल्क भरतात, त्याची यादी नसते. दिलेले पैसे परत येईपर्यंत तो तुम्हाला टाळत राहतो, आणि मग त्याला फोन करणार कोण?

"कोणाला सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नका. सांगा की बहुतेक गोष्टी माझ्याकडेच राहतील, पण जिवाला धोका असेल तर मी मॅडमला सांगणार. कोणी मरणाची भाषा केली, अगदी हसत-हसत केली तरी, त्याला एकटं सोडू नका, त्याच क्षणी शिक्षकांना कळवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथवर सोबत जा, केसपेपरच्या रांगेत उभे राहा. छेडछाडीची तक्रार असेल तर ती कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाते, तुम्ही स्वतः त्या मुलाला 'समजवायला' जायचं नाही. आपल्याकडे ही खुमखुमी फार.

जायचंच असेल तर

कधी कधी जाणं बरोबर असतं. वडील गेले, घर चालवायचं आहे, किंवा कोर्सच चुकला. अशा पोराला अडवू नका, पण टीसी रागाच्या दिवशी काढू देऊ नका. आठ दिवस थांबायला सांगा.

नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या पदवीत पहिल्या वर्षाची किमान ४० क्रेडिट मिळवून, सोबत ठरवलेला कौशल्याचा भाग पुरा करून बाहेर पडलं तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर पदविका. मिळालेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. म्हणजे फेब्रुवारीत सोडणं आणि मेचे पेपर देऊन सोडणं यात मोठा फरक आहे; तीन महिने काढता येतील का, एवढंच विचारा. काम करत शिकायचं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू दोघांचीही प्रादेशिक केंद्रं नागपुरात आहेत. आणि जाताना त्याचा नंबर खोडू नका. जूनमध्ये एक फोन करा. परत येणारे असतात.

वही

दोनशे पानी एक साधी वही घ्या. प्रत्येकाला चार पानं. तारीख, काय बोलणं झालं, पुढे काय ठरलं. तीन ओळींपेक्षा जास्त नको. घरची भांडणं, आजार, प्रेमप्रकरणं लिहू नका, वही कुठेही विसरू शकते. शनिवारच्या बैठकीत मी फक्त तीन गोष्टी विचारते: या आठवड्यात कोण दिसलं नाही, कोणाचा कागद अडकला आहे, आणि तुमचं स्वतःचं कसं चाललं आहे.

वर्षअखेरीला किती मेळावे घेतले ते मोजू नका. गटातले किती जण हिवाळी परीक्षेला बसले, कितींनी पुढच्या सेमिस्टरची फी किंवा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला, कितींनी बॅकचा फॉर्म भरला, एवढं वहीच्या शेवटच्या पानावर मांडा. मार्चमध्ये, थर्ड इयरच्या पोरांना निरोप समारंभाचे वेध लागायच्या आत, पुढच्या मेंटॉरला शेजारी बसवून ती वही वाचून दाखवा. कोणत्या खिडकीवर कोणते बाबू लवकर काम करतात आणि कोणत्या नेट कॅफेत जायचं नाही, तेही तेव्हाच सांगा.